प्रौढांना इंटरनेटवर आरोग्याची माहिती शोधायला कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही प्रौढांसाठी इंटरनेट वापरायचे वर्ग घेता. त्यात आरोग्याची माहिती कशी शोधायची यावर दोन तासांचं एक सत्र असतं. सत्र संपल्यावर तुम्ही ‘ईहील्स’ नावाची आठ विधानांची प्रश्नावली भरून घेता आणि जवळपास सगळे लिहितात, की चांगली माहिती कुठली आणि वाईट कुठली हे आता आम्हाला कळतं. मग काही दिवसांतच त्यांच्यातलं कुणीतरी चालू औषध बंद करायला सांगणारा व्हिडिओ मोठ्या विश्वासाने तुम्हाला पाठवतं. कुठे चुकतंय, आणि वर्गात वाटता येईल अशी एखादी चांगली तपासयादी आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी वैद्यकीय ग्रंथालयात काम करत होते आणि नंतर बरीच वर्षं मोठ्या माणसांना हेच शिकवत आले आहे. तपासयाद्या पुष्कळ आहेत, काही खरोखर चांगल्या आहेत. पण तुमची अडचण यादीने सुटेल असं मला वाटत नाही. तुमचे विद्यार्थी पानाकडे बघून पानाची पारख करायला शिकलेत. इंटरनेटवर हेच सर्वांत कमी उपयोगाचं आहे, कारण फसवणारी पानंही हल्ली देखणी असतात. त्यांना शिकायचंय ते वेगळं: काय विचारायचं, पान सोडून बाहेर कधी पडायचं, आणि सापडलेला आकडा आपल्याला लागू होतो का.

आधी त्या प्रश्नावलीबद्दल सांगते. कॅमेरॉन नॉर्मन आणि हार्वे स्किनर यांनी कॅनडात ती तयार केली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केली. ‘उपयोगी माहिती इंटरनेटवर कुठे मिळेल ते मला माहीत आहे’ अशा धाटणीची विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. छोटी आहे, सोपी आहे, म्हणून जगभर वापरतात. पण ती विचारते, की तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटतं. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लोकांकडून ही प्रश्नावली भरून घेतली आणि शिवाय त्यांना प्रत्यक्ष माहिती शोधायची कामं दिली. प्रश्नावलीतले गुण आणि कामातलं यश यांचा मेळ जवळजवळ बसलाच नाही. तेव्हा तुमच्या वर्गानंतर गुण वाढतात याचा अर्थ लोकांची भीड चेपली एवढाच घ्या. तेही महत्त्वाचं आहे. घाबरून मोबाइल बाजूला ठेवणारा माणूस काहीच शिकत नाही. मात्र भीड चेपलेला माणूस समोर आलेल्या पहिल्या उत्तरावर लवकर समाधान मानतो, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा बघते.

पुढे जाण्याआधी, कशावर काय अवलंबून आहे तेही सांगते. मी जे लिहिणार आहे ते ज्याला लांब मजकूर वाचता येतो, मोबाइलवर दोन पानं उघडून आलटून पालटून बघता येतात आणि जो या घडीला घाबरलेला नाही, अशा माणसासाठी आहे. ज्याला कालच गंभीर आजाराचं निदान झालंय त्याला शोधायच्या युक्त्या शिकवू नका. त्याच्या शेजारी बसून तुम्हीच शोधा, निवडून दोन पानं वाचून दाखवा. वर्षानुवर्षं एखादा आजार सांभाळणाऱ्या माणसाला त्या आजाराबद्दल तुमच्याआमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्याला नव्या दाव्यांची छाननी तेवढी हवी असते. आणि आपल्या भाषेत शोधणाऱ्याला मिळणारी पानं इंग्रजीच्या मानाने कमी असतात, बरीचशी यंत्राने भाषांतर केलेली असतात. अशा भाषांतरात ‘नाही’ गळून पडणं किंवा मात्रेचं एकक बदलणं शक्य असतं. म्हणून डोस, आकडा आणि मनाई या तीन गोष्टी मूळ पानावर पडताळायच्या, मग मूळ भाषा अडखळत का वाचावी लागेना.

आता पहिली गोष्ट, प्रश्न. वर्गात सर्वांत जास्त वेळ मी इथे देते, कारण चूक झालीच तर ती बहुतेक वेळा इथेच होते, पान उघडायच्या आधी.

एक उदाहरण अगदी जवळून बघू. एका बाईंच्या हातात रक्ताचा रिपोर्ट आहे. त्यावर लिहिलंय: एचबीएवनसी ६.१ टक्के. त्या शोधात टाकतात, ‘शुगर ६.१ धोका’. आता या तीन शब्दांत तीन अडचणी आहेत. एचबीएवनसी म्हणजे त्या क्षणाची साखर नव्हे. गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी कशी होती याचा तो अंदाज असतो. दुसरं, ‘शुगर ६.१’ म्हटल्यावर समोर येणारी काही पानं उपाशीपोटी मोजलेल्या साखरेबद्दल असतात. जिथे ती मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात तिथे ६.१ म्हणजे आपल्या ओळखीच्या एककात ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आकडा तोच, चाचणी वेगळी. उलट दुसऱ्या एखाद्या पानावर एचबीएवनसी ‘४३’ असं दिसेल, आणि बाई म्हणतील की माझं तर सहाच आहे, मी अगदी ठणठणीत. पण काही देशांत हीच चाचणी मिलिमोल प्रति मोलमध्ये लिहितात, आणि तिथला ४३ म्हणजेच इथला ६.१ टक्के. तिसरी अडचण ‘धोका’ या शब्दाची. धोका विचारला की धोकाच सांगणारी पानं वर येतात.

त्याऐवजी बाईंनी रिपोर्टवरचं चाचणीचं नाव जसंच्या तसं, एककासह टाकलं आणि पुढे ‘म्हणजे काय’ एवढंच लिहिलं, तर लवकरच कळेल की ५.७ ते ६.४ टक्के हा मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा धरतात आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. पुढे वाचलं तर हेही कळेल, की शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि तांबड्या पेशी लवकर नष्ट होणाऱ्या आजारात खोटा कमी दिसतो. इथे बाईंच्या हाती डॉक्टरांना विचारायचा एक नेमका प्रश्न येतो: माझं हिमोग्लोबिन कमी आहे, तर या आकड्यावर कितपत विसंबायचं? चांगल्या शोधातून असा प्रश्न निघाला की मी त्याला यश म्हणते.

म्हणून माझ्या वर्गात पहिला अर्धा तास मोबाइल पालथे ठेवलेले असतात. प्रत्येकाने आपला प्रश्न कागदावर लिहायचा आणि त्यात चार गोष्टी आल्यात का ते बघायचं: कोणाला, काय झालंय, कशाबद्दल विचारतोय, कशाच्या तुलनेत. शेवटची गोष्ट नेहमी राहून जाते. ‘गुडघ्याची शस्त्रक्रिया चांगली का’ हा अर्धा प्रश्न झाला. व्यायामाच्या तुलनेत? काहीच न करण्याच्या तुलनेत? तुलना लिहिल्यावर पुष्कळांना लक्षात येतं, की आपल्याला नेमकं काय ठरवायचंय हेच आपण ठरवलं नव्हतं.

प्रश्नाला आपलं मत चिकटलेलं असतं, तेही इथेच सोडवून घ्यायचं. स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं. ‘स्टॅटिनचे दुष्परिणाम’ असं शोधणाऱ्याला दुष्परिणामच मिळणार. ‘स्टॅटिन कोणाला उपयोगी, कोणाला नाही’ असं विचारलं की वेगळी पानं येतात. दोन्ही शोध एकापाठोपाठ करायला लावा आणि पहिल्या पाच शीर्षकांची यादी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. माझं अर्ध्या तासाचं भाषण जे करत नाही ते या दोन याद्या करतात.

लक्षणं शोधणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. मायक्रोसॉफ्टमधल्या रायन व्हाइट आणि एरिक होरविट्झ यांनी २००८ च्या सुमारास लोकांच्या शोधांच्या नोंदी तपासल्या. डोकेदुखीसारख्या साध्या तक्रारीपासून निघालेला माणूस मेंदूतल्या गाठीपर्यंत कसा सरकत जातो, हे त्यात दिसलं. कारण सरळ आहे. मेंदूतल्या गाठीवर लिहिलेली पानं भरपूर आहेत आणि त्यांत डोकेदुखीचा उल्लेख हमखास असतो. शोधयंत्र ते दोन शब्द एकत्र असलेली पानं पुढे करतं. डोकेदुखीच्या किती रुग्णांमध्ये गाठ निघते हे ते सांगत नाही. निकालांतला क्रम म्हणजे शक्यतेचा क्रम नव्हे, हे वाक्य मी लोकांकडून मोठ्याने म्हणवून घेते. मोठ्या माणसांना असं वदवून घेणं विचित्र वाटेल, पण ते लक्षात राहतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पान सोडून बाहेर पडणं.

लोक पानाची पारख कशी करतात यावर गुंथर आयझेनबाख आणि क्रिस्तियान क्योहलर यांनी जर्मनीत केलेला एक छोटा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गप्पांमध्ये लोक म्हणाले, की आम्ही माहिती कोणाची आहे ते बघतो, संस्था अधिकृत आहे का ते बघतो. प्रत्यक्ष शोधताना त्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा ‘आमच्याविषयी’ हा भाग कोणीच उघडला नाही, आणि नंतर विचारल्यावर उत्तर कुठल्या संकेतस्थळावर मिळालं हे फार थोड्यांना आठवलं. तुमच्या वर्गात नेमकं हेच घडतंय. तपासयादी लोकांना पाठ असते आणि गरजेच्या वेळी कोणी वापरत नाही.

बरं, वापरली तरी ती पुरेशी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी केलेला प्रयोग मी प्रत्येक वर्गात सांगते. त्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांची पानं लोकांपुढे ठेवली. दोन्ही पानं मुलांमधल्या दादागिरीविषयी, दोन्हींची नावं भारदस्त, दोन्ही नीटनेटकी. पहिली संघटना १९३० पासूनची, हजारो सभासदांची, त्या क्षेत्रातली मुख्य संघटना. दुसरी २००२ मध्ये वेगळी निघालेला छोटा गट, ज्याच्या भूमिका मुख्य संघटनेला मान्य नाहीत. हुशार विद्यार्थ्यांनी पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचलं, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना दुसरं पान जास्त विश्वासार्ह वाटलं. इतिहासाचे प्राध्यापकही गोंधळले. बातम्यांची सत्यता तपासणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी मात्र पान जेमतेम चाळलं, लगेच नवीन टॅब उघडला, संस्थेचं नाव शोधलं आणि बाकीचे लोक या संस्थेबद्दल काय म्हणतात ते बघितलं. काही मिनिटांत त्यांना चित्र स्पष्ट झालं.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की चुकलेले लोक आळशी नव्हते, त्यांनी जास्त वाचलं होतं. आपण शाळेत शिकलो ते लक्षपूर्वक वाचन अनोळखी पानावर आपल्यालाच गुंतवून ठेवतं. अनोळखी माणसाने स्वतःबद्दल जे सांगितलं तेवढ्यावर आपण त्याच्या हाती घराची किल्ली देत नाही, ओळखीच्यांत चौकशी करतो. पानाचंही तसंच करायचं. तेव्हा तपासयादीतली ‘लेखकाचं नाव आहे का, संदर्भ दिलेत का, शुद्धलेखन बरोबर आहे का’ ही कलमं खोडा आणि एकच सवय लावा: वाचण्याआधी दुसरा टॅब. त्यात संस्थेचं किंवा व्यक्तीचं नाव, आणि पुढे ‘टीका’ किंवा ‘कोण चालवतं’ असे शब्द. मोबाइलवर टॅब बदलणं अनेकांना जमत नाही, म्हणून तेवढी एक कृती बोटाला वळण लागेपर्यंत करून घ्या. हे तांत्रिक काम वाटतं, पण याच्याशिवाय पुढचं सगळं अडतं.

पानावरच्या शिक्क्यांवरही विसंबायला शिकवू नका. जिनिव्हातली ‘हेल्थ ऑन द नेट’ ही संस्था १९९० च्या दशकापासून आरोग्यविषयक संकेतस्थळं तपासून विश्वासार्हतेचा शिक्का द्यायची. काम चांगलं होतं. २०२२ च्या अखेरीस ती संस्था बंद झाली. आज एखाद्या पानावर तो शिक्का दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की ते पान बरंच जुनं असावं.

एक यादी मात्र मी अजूनही जवळ ठेवते: १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘डिसर्न’. उपचारांबद्दलच्या मजकुरासाठी तिच्यात १६ प्रश्न आहेत. सगळे प्रश्न वर्गात चालवणं अवघड जातं, म्हणून मी त्यातले दोनच उचलते. काहीच उपचार केला नाही तर काय होईल हे या पानावर सांगितलंय का? आणि अजून नक्की माहीत नाही अशा गोष्टी पान कबूल करतं का? काहीतरी विकायला बसलेला माणूस या दोन्ही गोष्टी सहसा लिहीत नाही. वर्गातल्या लोकांना हे दोन प्रश्न फार आवडतात, आणि घरी गेल्यावरही ते वापरले जातात.

सुरुवात कुठून करावी, हेही तुम्हाला कुणीतरी विचारेलच. मोकळ्या शोधाऐवजी आधी दोनतीन ठरलेल्या ठिकाणी जायला सांगा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं ‘मेडलाइनप्लस’ १९९८ पासून चालू आहे, त्यावर जाहिराती नाहीत. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचं संकेतस्थळ सोप्या भाषेत आहे. एखाद्या उपचाराचा खरोखर उपयोग होतो का हे बघायचं असेल तर उपचारांवरचं संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांचे सोप्या भाषेतले सारांश वाचावेत.

बाहेर पडण्याची सवय शोधयंत्राच्या वरच्या उत्तराच्या चौकटीलाही लावायला हवी. २०२१ मध्ये गूगलवर फेफरं आल्यावर काय करावं असं शोधल्यावर एका विद्यापीठाच्या रुग्णालयाच्या पानावरून काढलेली यादी चौकटीत दिसत होती: माणसाला दाबून धरा, तोंडात काहीतरी घाला, अशी. मूळ पानावर ती यादी ‘हे करू नका’ या मथळ्याखाली होती. चौकटीत मथळा गळाला आणि यादी उरली. पान बरोबर, रुग्णालय नामांकित, आणि वाचणाऱ्याला मिळालं ते नेमकं उलटं. खरं तर अशा वेळी माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांवर गेलं तर तातडीची मदत बोलवायची. हे उदाहरण सांगितल्यावर वर्गात शांतता पसरते आणि चौकटीखालची लिंक उघडायची सवय लावायला मग फार सांगावं लागत नाही.

चॅटबॉटच्या उत्तरांनाही हेच लागू आहे. चॅटबॉट अवघड रिपोर्ट सोप्या भाषेत समजावून देतो आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी बरी काढून देतो. पण तो अस्तित्वात नसलेले संदर्भही त्याच ठाम सुरात देतो, आणि तुम्ही प्रश्नात कल दाखवलात तर त्या बाजूला झुकतो. त्याने दिलेला संदर्भ स्वतः उघडून बघायचा. उघडला नाही, तर तो वाक्यासकट सोडून द्यायचा.

तिसरी गोष्ट, आकडे. बहुतेक वर्गांत हा भाग वगळतात, कारण लोक गणिताला घाबरतात असं शिकवणाऱ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. आकडा माणसांमध्ये मोजून सांगितला तर मोठी माणसं पटकन समजतात.

ब्रिटनमधली १९९५ ची गोष्ट सांगा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या औषधसुरक्षा समितीने इशारा दिला, की गर्भनिरोधक गोळ्यांच्या नव्या प्रकाराने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट हे खरंच होतं. आधीच्या प्रकारात ७,००० बायकांमागे सुमारे एकीला गुठळी व्हायची, नव्यात सुमारे दोघींना. म्हणजे ७,००० मागे एक वाढली. पण लोकांपर्यंत ‘दुप्पट’ पोहोचलं. अनेक बायकांनी गोळ्या बंद केल्या, नको असलेली गर्भारपणं वाढली, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. गुठळीचा धोका तर गर्भारपणातच त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. इथे अफवा नव्हती, भोंदू नव्हता, माहिती अधिकृत होती. ती वापरायची कशी हे सांगितलं गेलं नाही.

म्हणून ‘दुप्पट’, ‘निम्मा’, ‘४० टक्क्यांनी कमी’ असं काही दिसलं की एकच प्रश्न: किती माणसांमागे कितींवरून कितींवर? पान हे सांगत नसेल तर त्या आकड्यावर काही ठरवायचं नाही.

औषधाच्या पाकिटातलं माहितीपत्रकही वर्गात उघडून वाचा. इंटरनेटवर घाबरवणारं बरंचसं साहित्य तिथूनच उचललेलं असतं. युरोपातल्या पत्रकांत ‘अति सामान्य’ म्हणजे १० जणांत किमान एकाला, ‘सामान्य’ म्हणजे १०० जणांत एक ते दहा जणांना, आणि ‘दुर्मीळ’ म्हणजे १०,००० जणांत एक ते दहा जणांना होणारा परिणाम. ‘सामान्य’ वाचून लोक निम्म्यांना होत असेल असं धरतात. त्यात भर म्हणजे नुसत्या अपेक्षेनेही त्रास जाणवतो. स्टॅटिन सोसत नाही म्हणून ते सोडलेल्या ६० रुग्णांवर ब्रिटनमध्ये एक चाचणी झाली, तिचे निकाल २०२० मध्ये आले. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी, काही महिने काहीच नाही असं दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदवला गेला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही नोंदवला गेला. त्रास खोटा नव्हता, त्यांना तो खरंच होत होता. हे सांगताना फार सांभाळून सांगा, नाहीतर ‘तुमच्या मनाचे खेळ’ असं ऐकू जातं आणि माणूस दुखावतो.

रिपोर्टमधल्या ठळक आकड्यांबद्दलही दोन मिनिटं द्या. प्रयोगशाळेचं ‘सामान्य’ माप बहुतेक वेळा असं ठरवतात, की निरोगी माणसांतले ९५ टक्के लोक त्यात बसतील. म्हणजे प्रत्येक चाचणीत शंभरातली पाच निरोगी माणसं बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर निदान एक आकडा मापाबाहेर निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. रात्री मोबाइलवर रिपोर्ट उघडून एक ठळक आकडा शोधत बसणाऱ्याला हे माहीत असलं तर त्याची झोप वाचते. अर्थात काही चाचण्यांचं माप असं ठरवलेलं नसतं, आणि लक्षणांसोबतचा मापाबाहेरचा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. हेही त्याच वेळी सांगायचं.

आणि शोध कधी करायचाच नाही, हे वेगळं सांगा. छातीत दाब, अचानक तोंड वाकडं होणं किंवा हात लुळा पडणं, श्वास न पुरणं, न थांबणारा रक्तस्राव: इथे मोबाइल फक्त मदत बोलवायला वापरायचा.

आता तुमचे दोन तास. पहिला अर्धा तास कागदावर प्रश्न लिहिण्याचा. पुढचे पाऊण तास दुसऱ्या टॅबचा सराव. उरलेल्या वेळात सगळ्यांना मिळून एकच काम द्या, आणि ते शक्यतो असं निवडा की जुनी आणि नवी पानं वेगळं सांगतात. मी हे देते: ‘हृदयविकार कधीच झालेला नाही अशा ६५ वर्षांच्या माणसाने तो टाळण्यासाठी रोज कमी मात्रेची ऍस्पिरिन सुरू करावी का?’ जुन्या पानांवर भरपूर होकार मिळतील. मग कुणाला तरी २०१८ मध्ये आलेली ऍस्प्री चाचणी सापडते, ज्यात बहुतेक ७० वर्षांवरच्या निरोगी माणसांना फायदा दिसला नाही आणि रक्तस्राव वाढलेला दिसला. कुणाला २०२२ ची अमेरिकी शिफारस सापडते, की ६० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्यांनी अशा हेतूने ती सुरू करू नये. पानाची तारीख का बघायची, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग वर्गातलं कुणीतरी हमखास म्हणतं, की मी तर रोज घेतो, आजपासून बंद करतो. त्या क्षणासाठी तयार राहा. ज्याला आधी झटका येऊन गेलाय किंवा रक्तवाहिनीत स्टेंट आहे त्याच्यासाठी प्रश्नच वेगळा आहे, आणि त्याने डॉक्टरांना न विचारता ऍस्पिरिन बंद करणं धोक्याचं आहे. तोच शोध, तीच गोळी, माणूस वेगळा. प्रश्न लिहिताना ‘कोणाला’ हा शब्द आधी का ठेवला ते लोकांना इथे उमगतं.

शेवटी ईहील्सऐवजी, किंवा तिच्या जोडीला, असंच दुसरं एक काम एक महिन्यानंतर द्या. उत्तर बरोबर आलं का याला थोडेच गुण ठेवा. प्रश्नात तुलना होती का, दुसरा टॅब उघडला का, पानाची तारीख टिपली का, उत्तर कुठे मिळालं ते सांगता येतंय का, आणि डॉक्टरांसाठी एक नेमका प्रश्न हाती लागला का, हे बघा. पहिल्यांदा गुण कमी येतील आणि ईहील्सचेही थोडे उतरलेले दिसतील. ज्यांचे उतरलेत त्यांनी महिनाभरात तुम्हाला व्हिडिओ पाठवण्याआधी काही विचारलं होतं का, तेही नोंदवून ठेवा. पुढच्या तुकडीचा वर्ग आखताना मी स्वतः आधी तीच नोंद बघते.